पालथी परात

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारीत नसे. मारून उपयोगही नव्हता. आमची तांबट आळी. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत घराघरांतून ठोक्यांचा असा गजर चालायचा, की शेजाऱ्याच्या कानाला तोंड लावल्याशिवाय शब्द पोचायचा नाही. रामकुंडावर आलेले यात्रेकरू गंगेचं पाणी न्यायला तांब्याचे गडू घ्यायचे म्हणून आळीच्या तोंडापर्यंत यायचे आणि कानांत बोटं घालून परत फिरायचे. आमचं उलटं होतं. अमावास्येला आळी काम बंद ठेवायची, तर त्या शांततेनं आम्हा पोरांचं डोकं दुखायचं. मला अजूनही झोप यायला कुठंतरी काहीतरी वाजत लागतं. नातसून हसते, म्हणते, आजोबांना पंखासुद्धा खडखडणाराच हवा. खरं आहे ते. हे सगळं मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे. मी मराठी तिसरी शिकलेला माणूस. ती म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहून घेते, नीट होईल. मी म्हटलं, माझं वाकडं मलाच लिहू दे.

चाळिशी उलटलेला तांबट थोडाफार बहिरा असायचाच, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते मला कळायला लागल्यापासून ठार बहिरे होते. ढोल बडवला तरी मान वळायची नाही. माझी आई, तिला सगळी आळी बाई म्हणायची म्हणून मीही बाईच म्हणायचो, तिनं यावर आपल्यापुरती तोड काढली होती. आमचं कामाचं दालन आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच सलग फळ्यांची जमीन होती. बाई चुलीपाशी उंबऱ्याला पातेलं टेकवायची आणि त्याच्या काठावर पळी मारायची, टिक टिक, हलक्या हातानं. ते अण्णांना कानानं नाही, तळपायानं कळायचं. त्यांचा स्वतःचा हातोडा चालू असला तरी दुसऱ्या ठोक्याची थरथर ते बरोबर वेगळी ओळखायचे. पळी काठावर वाजली की जेवायला चला. हंड्यावर वाजली की दारात कुणी आलंय. आणि एक होता परातीचा. परात पालथी घालून तिच्या बुडावर तळहातानं सावकाश थाप, थाप, थाप. तो मी लहानपणी एकदाच ऐकला होता, आजोबा गेले तेव्हा. एरवी आमच्याकडे परात पालथी ठेवायचीच नाही. घासून झाली की भिंतीला उभी.

बाई भांडायचीसुद्धा त्याच पळीनं. अण्णांवर रागावली, की जेवायला बोलावताना इतकं हलकं वाजवायची की उंदरालाही कळू नये. मग भाकऱ्या गार होईपर्यंत वाट पाहायची आणि अण्णा भुकेनं आपणच उठून आले, की हातवारे करून म्हणायची, "बोलावलं की मी! तुम्हालाच जेवायचं नव्हतं." अण्णा माझ्याकडे बघायचे, मी खाली बघायचो. बाजरीची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर कच्चा कांदा बुक्कीनं फोडलेला, आणि चिंचेनं भांडी घासून घासून आंबट वास लागलेले बाईचे हात. ते पिठलं मला पुन्हा कुठं मिळालं नाही, मिळणारही नाही, म्हणून मी मागतही नाही.

आता हा बहिरेपणा आळीला ठाऊक होता, पण व्यापाऱ्याला नव्हता. यातच आमचं पोट होतं. भांड्यांचे मोठे व्यापारी मगनशेठ, त्यांच्याकडून निफाड-नांदगावकडच्या लग्नांची कामं यायची. शेठ घरी येऊन भांडं घेताना ते बोटांवर तोलायचे, नखानं टिचकी मारायचे आणि कारागिराला विचारायचे, "बोला, आवाज कसा आहे?" चांगल्या भांड्याचा आवाज लांबतो, चीर असेल तर बसका निघतो. आता ज्याला आवाजच येत नाही त्याच्या हातात लग्नाचे हंडे कोण देईल? म्हणून शेठ आले की मी अण्णांना चिकटून बसायचो आणि पायानं पाय दाबायचो. एकदा दाबला की मान हलवायची, दोनदा दाबला की "बघतो" म्हणायचं. अण्णांचा आवाज चढला की बाई दाराआडून पदर हलवायची, मग ते हळू बोलायचे. शेठ बाहेर सांगायचे, "गंभीर माणूस. शब्द वाया घालवत नाही." आळीतल्या लोकांची आपसांत कितीतरी भांडणं होती, नळाच्या पाण्यावरून डोकी फुटायची, पण शेठसमोर कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. सगळ्या आळीनं ते झाकून ठेवलं होतं.

मी तेव्हा मिसरूड फुटलेला, हातोडा बरा चालवायचो, पण जीव शिनेमात. बोलपट नवे होते. त्यातच गंगापूरच्या रस्त्याला एक बंगला भाड्यानं घेऊन बोलपटाची एक कंपनी उतरली. तिला पितळी मुकुट, गदा, ढाली लागायच्या, ते काम आमच्याकडे आलं आणि पोचवायला मी जायचो. तिथं गोष्टी लिहिणारे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. काळा कोट, खिशात पेरू. मी मनातल्या मनात एक मोठा शिनेमा रचला होता. राजा प्रतापसेन, दोन राण्या, एक राक्षस, शेवटी आग. एक दिवस मुकुट ठेवले आणि धीर करून मास्तरांना म्हटलं, माझ्याकडे गोष्ट आहे. त्यांनी पेरू खात खात सगळी ऐकली.

"तुझ्या राजाला भूक लागते का रे?" त्यांनी विचारलं.

"राजाला? त्याच्याकडे आचारी असतात."

"मग जेवायला बोलावतं कोण?"

"थोरली राणी."

"काय म्हणते ती?"

मी छाती काढून म्हटलं, "प्राणनाथ, भोजन सिद्ध आहे."

खोलीत चारपाच नट पत्ते खेळत बसले होते. ते असे हसले की पानं सांडली. मास्तर हसले नाहीत, पण त्यांनी विचारलं ते जास्त लागलं. "तुझी आई तुझ्या वडिलांना असंच म्हणते का?"

"माझ्या घरचं कशाला काढता?" मी म्हटलं आणि मुकुटांची रिकामी गोणी खांद्यावर टाकून चालायला लागलो. मागून त्यांचा आवाज आला, "अरे तांबटा, राग मानू नकोस! घरीच बघ काहीतरी!" मी रस्ताभर त्यांना शिव्या देत आलो. आमच्या घरात बघायला आहे काय? एक बहिरा, एक पळी वाजवणारी, काजळलेल्या भिंती. मला त्या घराची लाज वाटायची. शाळेत असताना मी कुणा मित्राला घरी आणलं नव्हतं, हेही लिहून टाकतो.

घरात पाऊल टाकलं तर बाई पातेल्यावर पळी वाजवत होती. अण्णांनी हातोडा ठेवला, धोतराला हात पुसले, आणि उठता उठता त्यांना हसू आलं, कारण त्या दिवशी ठोका जरा लाडात पडला होता. हे मी जन्मभर पाहत आलो होतो. पण त्या दिवशी मी दारातच थांबलो. वाटलं, अरे, हा तर शिनेमा! इथंच पडलाय, आणि मी राक्षस शोधतोय.

त्यानंतर मला चटकच लागली. माझ्याच घरात मी परक्यासारखा बसू लागलो. अण्णा डाळीत मीठ कमी आहे हे सांगायला वाटी नुसती अर्ध्या बोटानं पुढं सरकवायचे, बाई ती परत मागं सरकवायची. अण्णा झोपले की बाई त्यांच्याशी तोंडानं बोलायची. दिवसभराचं सगळं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा कल्हईवाला पळाला, असं त्यांच्या पाठीला सांगत राहायची. हे मी मनात साठवत होतो. चांगलं कथील हाताला लागावं तसा आनंद व्हायचा. एकदा बाई म्हणाली, "काय रे टकामका बघतोस? माझ्या तोंडावर काही नाचतंय का?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "मग जेव की. बघून पोट भरतं का?"

मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी उठून आधी दार लावलं. "बोलपटात न बोलणारं जोडपं!" ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. गोष्ट त्यांनी बसवली. नवरा सोनार केला, कानानं अधू, थोडा विनोदी, बायको खट्याळ. पडद्यावर माझं नाव येणार असं ठरलं. नाव! माझ्या सात पिढ्यांत कुणाचं नाव भांड्याच्या बुडावरसुद्धा नव्हतं, तिथं शेठचा ठसा पडायचा. मी फक्त एक बघितलं, नवरा तांबट नको. तो सोनार झाला की कुणाला काय कळतंय, असं मला वाटलं.

आवाजाच्या यंत्रासमोर पळी वाजवून पाहिली तर ती टिकटिक फारच बारीक आली. यंत्रवाला म्हणाला, "चमचा पडल्यासारखं वाटतं. भारदस्त काही नाही का तुमच्याकडे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. जो दिवसभर कुणाच्या खिजगणतीत नसतो, त्याच्याकडे असे सगळे बघायला लागले की त्याचं काय होतं, ते ज्याचं झालंय त्यालाच कळेल. कोपऱ्यात आमच्याच घरची परात पडली होती, शिनेमासाठी विकत घेतलेली. मी उचलली, पालथी घातली आणि बुडावर तळहात मारला. थाप, थाप, थाप. यंत्रवाल्यानं बोट वर केलं, "हेच!" त्या नटीला मी स्वतः शिकवलं, हात कसा सैल ठेवायचा, मध्ये किती थांबायचं. ती हसत हसत शिकली. शिनेमात ती नवऱ्याला जेवायला बोलावताना परात वाजवणार होती. हा ठोका कशाचा आहे हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. मी मनात म्हटलं, कुणाला कळतंय.

शिनेमा लागला. आळीत बातमी पसरली की गणपतनं, म्हणजे मी, केलेली भांडी पडद्यावर दिसतात. मी घरी एवढंच सांगितलं होतं. गोष्टीचं बोललो नव्हतो, म्हटलं नाव दिसेल तेव्हा कळेल. रविवारी दुपारच्या खेळाला अर्धी आळी आली. आम्ही पुरुष पुढं जमिनीवर, बायका बाजूला कनातीआड, मागं खुर्च्यांवर मगनशेठ आणि त्यांची मंडळी. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला टोपी. पडद्यावर माझं नाव आलं. आलं आणि गेलं. मी आजूबाजूला बघितलं, कुणी वाचलं का. कुणी नाही. अण्णांना अक्षरओळख नव्हती. ते आपले भांडी शोधत होते. एक घंगाळ दिसलं तसं त्यांनी माझ्या मांडीला चिमटा घेतला.

मग तो प्रसंग आला. नटीनं चुलीपासून उठून परात घेतली, पालथी घातली आणि अगदी आमच्याकडे तोंड करून बुडावर तळहात मारायला लागली. हात अगदी बाईसारखा सैल. मीच शिकवलेला. लोक हसायला लागले. आणि माझ्या शेजारी अण्णा उभे राहिले.

"कोण गेलं?" ते ओरडले. बहिऱ्याचा आवाज, त्याला लगाम नाही. "अगं, कोण गेलं?"

थेटरात हशाचा कल्लोळ उठला. लोकांना वाटलं, म्हातारा शिनेमा खराच समजला. "खाली बसा!" "ओ सोनार, जेवायला बोलावतेय ती!" अण्णांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते त्या उजेडात उभे, हात पुढं करून, पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. मागून एक ओळखीचा आवाज आला, शेठचा, "अण्णा, काय झालं? अण्णा!" आणि अण्णांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग शेठ गप्प झाले. ते गप्प होणं मला त्या गलक्यातही कळलं. पुढच्या माणसानं वळून मला विचारलं, "तुमच्याबरोबरचे का हो हे?" अण्णांच्या धोतराचा सोगा माझ्या हाताशी होता. ओढला असता तर ते बसले असते. मी पडद्याकडे बघत राहिलो.

बायकांच्या बाजूनं बाई आली. लोकांच्या मांड्यांवरून, पायांवरून वाट काढत, पदर डोक्यावर, यंत्राच्या उजेडातून. तिची सावली पडद्यावर पडली, नटीपेक्षा मोठी. तिनं अण्णांच्या पाठीवर बोटाच्या पेरानं वाजवलं, हलकं, पळीसारखं. जेवायला चला. ते तिच्याकडे वळले, तिचं तोंड नीट बघितलं आणि तिच्या मागोमाग निघून गेले. मी शिनेमा शेवटपर्यंत पाहिला. लाज वाटते ती याची. उठता आलं असतं. परात आणखी दोनदा वाजली आणि दोन्ही वेळा लोक हसले, आणि मला, खरं सांगतो, दुसऱ्या वेळी थोडं बरं वाटलं.

घरी आलो तर माझी भाकरी झाकून ठेवलेली होती. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "ती परात आपली ना रे?" मी मान हलवली. "बुडाला पोचा पडला असेल. बडवत होती." एवढंच. बाई माझ्याकडे पाठ करून चुलीशी काहीतरी करत होती. ती वळली नाही. म्हणाली, "घरातलं द्यायचंच होतं तर जेवणाचं द्यायचंस. मरणाचं का दिलंस?"

मी म्हटलं, "त्याचा आवाज चांगला येतो."

इतकं बोलून मी जेवलो. माफी मागितली नाही. मला ती मागता येत नाही, तेव्हाही आली नाही आणि आता मागायला कुणी उरलं नाही.

शेठ पुढच्या खेपेला आले ते अण्णांसमोर बसले आणि तोंडाशी उपरणं धरून काहीतरी बोलले. "मी काय म्हणालो, सांगा बरं." मी पाय दाबला. शेठ मला म्हणाले, "गणपत, पाय लांब घे." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेठकडे, आणि हातातला हंडा त्यांच्यापुढं ठेवून आत निघून गेले. लग्नाची कामं त्या हंगामात दुसऱ्या घरी गेली. त्या घरानं त्यातली निम्मी मागच्या दारानं आमच्याकडे आणून टाकली, तेही न बोलता. आळी अशी होती. मास्तरांचा निरोप आला होता, घरात आणखी काही आहे का म्हणून. मी गेलो नाही. त्यानंतर शिनेमा पाहिला नाही. घरात पोरं टीव्ही लावतात तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसतो. हट्ट म्हणा.

पण शिनेमा चालला. आळीतल्या पोरांना तर खेळच सापडला. जो तो घरातली परात पालथी घालतोय आणि थापा मारतोय. आमच्या ओट्याच्या फळीवर येऊन वाजवायची आणि पळायची. सुरुवातीला अण्णा दरवेळी दचकून उठायचे. बाई आतून येऊन मान हलवायची, काही नाही, पोरं आहेत. मग हळूहळू ते दचकेनासे झाले. पोरांकडे बघून हसायलासुद्धा लागले.

थंडीचे दिवस होते. सकाळी बाई मागच्या अंगणात भांडी घासायला बसली होती. मी पाणी घेऊन गेलो तर ती कलंडलेली, चिंच हातात तशीच. मी तिला हलवलं, नाकाशी हात धरला. मग आत पळालो. अण्णा दालनात पाठमोरे, गुडघ्यांत हंडा, हातोड्यानं मठारकाम चाललेलं. हाक मारून उपयोग काय होता? भिंतीची परात घेतली, पालथी घातली, बुडावर तळहात मारला. थाप, थाप, थाप. त्यांना कळलं. हातोडा क्षणभर थांबला. मग त्यांची पाठ हसली, हसताना ती तशी हलायची, आणि मागं न बघता ते म्हणाले, "गण्या, पुरे झाला आता तुझा शिनेमा."

आणि त्यांनी पुढचा ठोका मारला.

मी वाजवत राहिलो. ते काम करत राहिले. शेवटी मी पुढं जाऊन त्यांचा हातोडा धरला. त्यांनी वर पाहिलं. माझं तोंड पाहिलं, मग माझ्या मागची ती परात, मग स्वयंपाकघराचा रिकामा उंबरा. थेटरात त्यांनी जो प्रश्न सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडून विचारला होता, तो त्या दिवशी त्यांनी फार हळू विचारला.

"कोण गेलं?"